दुसऱ्या घरातली प्रत

महत्त्वाच्या फायलींची एक प्रत आपल्या घरात असू नये, असा नियम आहे. घराला आग लागली, पाणी शिरलं, चोरी झाली, तर घरातल्या सगळ्या प्रती एकदमच जातात. म्हणून एक प्रत दुसऱ्या घरात ठेवायची. मी ज्या लेखात हे वाचलं त्यात दुसरं घर म्हणजे मित्राचं किंवा नातेवाइकाचं, एवढंच लिहिलं होतं. ते घर कोणाचं, हे ठरवायला मला सर्व्हर जोडण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

बेळगावात एका मराठी दैनिकात मी नोकरीची सगळी वर्षं उपसंपादक होते. रविवारची पुरवणी माझ्याकडे असे. पानं लावण्याचं काम दुसऱ्या शहरात गेलं आणि इथलं कार्यालय बंद झालं. खुर्च्या एका शाळेने नेल्या, पंखे कोणी नेले ते कळलं नाही. जुन्या पानांच्या फायली दोन डिस्कवर होत्या. व्यवस्थापकांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "न्या की मॅडम. नाहीतरी पुसायच्याच आहेत." मी त्या रुमालात गुंडाळून बेळगावातच अनगोळला घरी आणल्या आणि कपाटात ठेवल्या. काही महिन्यांनी एक डिस्क लावून बघितली, तर आतून टकटक ऐकू आली. टाइपरायटरची एकच कळ कोणीतरी थांबून थांबून दाबावी तशी. त्या पानांची दुसरी प्रत कुठेही नव्हती.

कार्यालयात सर्व्हरला वेगळी थंड खोली होती. तिथे आम्हाला प्रवेश नव्हता. आमच्या दृष्टीने सर्व्हर म्हणजे संगणकाच्या पडद्यावरचा एक फोल्डर होता. पुष्कळ वेळा तो उघडत नसे. "सर्व्हर बंद आहे" असं कोणी म्हटलं की सगळे उठून चहाला जात. त्या खोलीत नेमकं काय असतं, हे मी निवृत्तीनंतर स्वयंपाकघरातल्या टेबलावर शिकले.

खडेबाजारच्या मागे जुने संगणक विकणारं एक दुकान आहे. दुकानदाराने आधी कन्नडमध्ये विचारलं, मग हिंदीत, मग मराठीत.

"सीसीटीव्हीला पाहिजे काय?"

"नाही. फायली साठवायला."

"मग पेनड्राइव्ह घ्या की. स्वस्तात होतंय."

दोन डिस्क बसतील असा, आवाज कमी करणारा एखादा ऑफिसातला जुना खोका दाखवा, असं मी सांगितलं. त्याने एक खाली काढला.

"मॅडम, मुलाला घेऊन या. त्याला समजावून देतो."

"मुलगा नाही."

"मग मिस्टरांना पाठवा."

"तेही नाहीत."

त्याने फडकं घेतलं आणि खोका सगळ्या बाजूंनी नीट पुसून दिला. वायरही नवी दिली.

खोका उघडून आतली धूळ ब्रशने काढली. प्रोसेसर थंड ठेवणारा, वाळून गेलेला लेप खरवडला आणि नवा लावला. तो तांदळाच्या दाण्याएवढाच लावायचा असतो, जास्त लावला तर बाजूने बाहेर येतो. मेमरीची पट्टी बसताना जो आवाज होतो त्याने पहिल्यांदा मोडली असं वाटलं. तो बसल्याचाच आवाज होता. नव्या दोन डिस्क शेजारी शेजारी बसवल्या. सॉफ्टवेअर फुकट मिळतं. ते पेनड्राइव्हवरून चढवलं. दोन्ही डिस्कवर तेच लिहिलं जाईल, एक गेली तरी दुसरीवर काम चालू राहील, अशी रचना केली. मग सॉफ्टवेअरने माझं नाव विचारलं. ते दिल्यावर पुढचा पडदा आला: घरातल्या आणखी व्यक्ती जोडा. तिथे खाली पुढे जाण्याचं बटण होतं. ते दाबलं.

टकटक करणाऱ्या डिस्कवरून पानं उतरवून घेतली. काही आली नाहीत, बहुतेक आली. खोका टीव्हीखालच्या कप्प्यात ठेवला. आणि मग तो नियम वाचला.

मी घरं आठवू लागले. पुरवणीत माझ्याबरोबर काम करणारी मैत्रीण पुण्याला मुलाकडे गेली होती. तिथे काय ठेवायचं आणि काय नाही हे सून ठरवते, असं तिनेच एकदा सांगितलं होतं. नंदगडच्या मैत्रिणीकडे इंटरनेट नव्हतं. खालच्या मजल्यावरचे लोक चांगले आहेत, पण इमारत तीच. आग लागली तर दोघांना एकदमच लागणार. जिथे एक डबा ठेवून कायमचा चालू ठेवा असं सांगता येईल, असं घर शेवटी एकच उरलं. निपाणीला थोरल्या भावाचं.

अण्णा आयुष्यभर तंबाखूच्या वखारीत काट्यावर होता. वजन त्याने सांगितलं की घेणारा आणि देणारा दोघंही मान्य करत. वखार बंद झाली, तिथे लग्नाचा हॉल झाला. वहिनी गेली. त्यांना मूल नव्हतं. वहिनी गेल्यावर मी दर रविवारी सकाळी फोन करू लागले. फोनवर जेवण, हवा आणि गुडघे एवढेच विषय असत. अशाच एका रविवारी तो म्हणाला,

"मधी पडलतो."

"कुठं?"

"न्हाणीत. रातभर तितंच हुतो. सकाळी उठलो. आता बरं हाय."

"कधी?"

"झालं की आठ-धा दिवस."

"मला कळवायचं नाही?"

"कळवून काय करणार हुतीस गं? तू एसटीत बसून येईस्तोवर उठलो असतो की मी."

त्यानंतर एक गोष्ट मनातून गेली नाही. तो पडला तर कोणालाही कळणार नाही. पुन्हा पडला तर तो सांगणारही नाही. रविवारचा फोन रविवारपुरताच होता.

दुसरा डबा मी मुद्दाम लहान जोडला. एकच डिस्क, हाताच्या पंजापेक्षा थोडा मोठा, पुढे एक दिवा. तो पिशवीत घालून निपाणीला गेले. अण्णाकडे केबलवाल्याने टीव्हीबरोबर इंटरनेटही गळ्यात मारलं होतं. तो ते वापरत नसे. डबा ठेवायला त्याने भिंतीतला कोनाडा रिकामा करून दिला.

"ह्यो खातो किती?"

"बल्बाएवढी वीज."

"आवाज करतोय."

"थोडा करणार."

"करू दे. घरात दुसरा कशाचा आवाज हाय?" मग त्याने कान जवळ नेला. "आत काय हाय?"

"माझी पानं. पुरवणीची."

"सगळी?"

"सगळी."

"आमची पानं वखारीत मावायची न्हाईत आणि तुझी डब्यात बसली व्हय," तो म्हणाला. "वाळवून घातलीस काय?"

डबा सतत चालू ठेवायचा, हे मी त्याला तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा त्याने मान हलवली. पण रात्री झोपायच्या आधी तो उठला, दारामागे गेला आणि मेन स्विच खाली ओढला. घर एकदम अंधारलं. वखारीत वाळलेला माल आणि जुनी वायरिंग, त्यामुळे शेवटचा माणूस मेन पाडल्याशिवाय बाहेर पडत नसे. तो शेवटचा माणूस अण्णाच असायचा. वहिनी असताना फ्रीजसाठी घरचा मेन चालू राही. ती गेल्यावर त्याने फ्रीज रिकामा करून बंद केला. एकट्याला कशाला, म्हणाला.

वाद घालून उपयोग नव्हता. दुसऱ्या दिवशी मी डब्याला छोटी बॅटरी जोडली. वीज गेली की तो आपला आपण नीट बंद व्हावा आणि वीज आली की आपला आपण सुरू व्हावा, अशी सोय केली. हे पुस्तकात बसणारं नाही. पण चालण्यासारखं होतं.

अनगोळला परत आल्यावर सकाळी चहा घेताना मी माझ्या सर्व्हरचं पान उघडलं. त्यावर दोन यंत्रांची नावं होती आणि प्रत्येकापुढे एक ठिपका. जोडलेलं असेल तर हिरवा, नसेल तर राखी. निपाणीचा राखी होता. चहा संपायच्या आत तो हिरवा झाला. अण्णा उठला होता, दारामागे गेला होता, त्याने मेन वर केला होता. एवढं सगळं त्या ठिपक्यात होतं आणि ते मी मागितलेलं नव्हतं.

नंतर ते रोजचंच झालं. सकाळी राखीचा हिरवा होई, रात्री हिरव्याचा राखी. एखाद्या दिवशी उशीर झाला की मी कप हातात धरून थांबे. पानांची प्रत चढायचं काम केव्हाच पूर्ण झालं होतं, पण ते पान उघडायचं मी सोडलं नाही. रविवारचा फोन पंधरा दिवसांवर गेला, मग कधीमधी. ठरवून नाही. विचारायचं ते आधीच कळलेलं असे.

नवरात्रात एका सकाळी ठिपका राखीच राहिला.

चहा झाला, आंघोळ झाली, तरी तसाच. लाइन गेली असेल, असं धरलं. एका सूत्राची बातमी आम्ही छापत नसू. म्हणून दुसरं सूत्र म्हणून फोन लावला. फोन बंद होता. अण्णाचा फोन बंद नसतो. एखाद वेळी तो उचलत नाही, पण वाजतो. तासाभराने परत लावला, तरी बंदच.

त्याच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांपैकी कोणाचाही नंबर माझ्याकडे नव्हता. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या गावची खबर काढण्यात गेली आणि निपाणीच्या त्या गल्लीत फोन करता येईल असं एक नाव वहीत सापडेना. आमच्या दैनिकाचा निपाणीचा जुना वार्ताहर आठवला. तो मुलीकडे कोल्हापूरला होता. "बघायला सांगतो कुणाला तरी," तो म्हणाला. कोणाला ते त्यालाही सुचत नव्हतं, हे आवाजावरून कळत होतं.

पिशवीत एक साडी आणि औषधं टाकून मी स्टँडवर गेले. खंडेनवमी होती. बसला केळीचे खुंट बांधले होते, काचेवर झेंडूचा हार, चाकाखाली चिरडलेलं लिंबू. चालकाच्या कपाळावर भंडारा होता आणि त्याने इंजिनावर नारळ फोडल्याचं ओलं अजून वाळलं नव्हतं. कंडक्टरने तिकिटाबरोबर हातावर चुरमुरे ठेवले. मी ते धरून बसले. संकेश्वर येईपर्यंत ते हातातच होते. शेजारच्या बाईने कन्नडमध्ये विचारलं, सणाला माहेरी काय? मी हो म्हटलं. तिने हसून माझ्या पिशवीला जागा करून दिली.

मी न्हाणीघराचा विचार करत होते. तिथली फरशी, दाराची कडी आतून असते की बाहेरून. कडी आतून असेल तर दार तोडायला कोणाला बोलवायचं. वखारीच्या जागी झालेल्या हॉलवरच्या राखणदाराला बोलवायचं, हे निपाणी दिसू लागल्यावर ठरलं.

दार उघडं होतं. दाराला आंब्याचा डहाळा आणि झेंडू लावलेला होता. आत धुपाचा वास होता. अण्णा धुतलेलं धोतर नेसून पाटावर बसला होता आणि नारळाच्या शेंड्या काढत होता. समोर दुसऱ्या पाटावर माझा डबा होता. वायरी काढून त्यांची नीट घडी करून शेजारी ठेवलेली. डब्याला हळदीकुंकवाची बोटं ओढली होती, वर झेंडूचा हार, पुढे विडा. त्याच्या एका बाजूला वहिनीचा मिक्सर होता आणि दुसऱ्या बाजूला त्याचा मोबाइल. मोबाइललाही कुंकू लागलं होतं.

"आलीस? बरं झालं," तो म्हणाला. "परसाद खायला तरी माणूस हाय."

मी खाली बसले. पाणी मागितलं.

"काय झालं गं? तोंड असं का?"

"फोन बंद का तुझा?"

"आज हत्यारं बंद. म्हाईत न्हाय व्हय तुला? पेपरात काय लिवत हुतीस मग?"

"हा कशाला काढलास?"

"मग पुजायचं काय?" तो म्हणाला. "काटा हुता तवर काटा पुजला. वजनं घासून मांडायचो. मालक सवता नारळ फोडायचा माझ्या काट्यावर. गेल्या साली नुसतं विळी आन् मिक्सर पुजला. औंदा घरात यंत्र हाय. चालतंबोलतं हाय. त्याला एक दिस सुट्टी नको?"

वायर ओढून काढायची नसते, आधी यंत्र बंद करायचं असतं, हे मी सांगितलं नाही. डब्याच्या जाळीतून आत कुंकू गेलं होतं का ते बघितलं. थोडं गेलं होतं.

"तुला कसं कळलं बंद हाय ते?" त्याने विचारलं.

मी सांगितलं. सकाळी मेन वर केलास की माझ्याकडे हिरवं होतं, रात्री पाडलास की राखी. रोज दिसतं.

"रोज?"

"रोज."

"कवापास्नं?"

"बसवल्यापासून."

त्याने नारळ खाली ठेवला. हातावरच्या शेंड्या झटकल्या. "म्हणून फोन करायचा न्हाईस व्हय तू," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. वजन सांगताना असायचा तसा आवाज होता. "मला वाटलं, बाईला कामं असतील. आता पेन्शनीत कसली कामं, पर असतील म्हटलं."

मी पाटाभोवती पडलेल्या शेंड्या गोळा केल्या.

"तुला माझं दिसतंय," तो म्हणाला. "आणि मला काय दिसतंय?"

त्याने नारळ फोडला. पाणी डब्यावर उडू नये म्हणून मी हाताचा आडोसा केला. खोबरं, गूळ वाटून खाल्लं. दुपारी मी पिठलं केलं. हत्यारं बंद म्हणून कांदाही त्याने हातानेच फोडून दिला.

दसऱ्याच्या सकाळी मेन वर करून त्याने वायरी माझ्या हातात दिल्या. ब्रशने कुंकू काढलं, डबा जोडला. डबा थोडा वेळ स्वतःला तपासत बसला आणि चालू झाला; काही बिघडलं नव्हतं. अण्णा कोनाड्यासमोर उभा होता. डब्याच्या पुढचा दिवा लुकलुकायला लागला.

"ह्यो कशाला उघडमीट करतोय?"

"अनगोळहून काही येत असलं की होतो तसा."

"तितनं आता काय येतंय? तू हितं हाईस की."

"कालचं राहिलेलं असेल."

"म्हंजे तू काय धाडलंस की ह्यो लागतो?"

"हो."

"न्हाय धाडलंस तर?"

"नाही लागत."

त्याने मान हलवली. डबा चालू ठेवायचं सांगताना हलवली होती तशी नाही.

अनगोळला परतल्यावर मी माझ्या सर्व्हरची रचना बदलली. सर्व्हर कधी बंद करू नये असं सगळीकडे लिहिलेलं असतं. मी तो रात्री बंद करू लागले. सकाळी उठले की सुरू करते; तेव्हा तो आदल्या दिवशी आलेलं नवं निपाणीला पाठवतो. नवं काही नसेल तर दिवा लागत नाही, म्हणून रोज काहीतरी असावं लागतं. सुरुवातीला जुने फोटो स्कॅन करून टाकले. आमच्या घरी फोटो फार नव्हते, ते लवकर संपले. मग आदल्या दिवसाचं लिहू लागले. भाजी काय आणली, रस्ता कुठे खणला, खालच्या मजल्यावर कोण आलं. बातमी होईल असं त्यात काही नसतं. पुरवणीत असतं तर मीच काढून टाकलं असतं.

अण्णाकडे ते वाचायला पडदा नाही. त्याने कधी मागितलाही नाही. एकदाच फोनवर विचारलं,

"रोज काय धाडतीस गं?"

"लिहिलेलं."

"कशाबद्दल?"

"कालचं."

"बरं," तो म्हणाला. "लई वेळ लुकलुकतंय परवाधरनं. लई लिवलंस वाटतं."

परवा मी आजारी होते आणि करण्यासारखं दुसरं काही नव्हतं. ते मी त्याला सांगितलं नाही. लिहिलं होतं.

मागच्या आठवड्यात आमच्या रस्त्यावर गटारीसाठी खणताना केबल तुटली. सकाळी सर्व्हर सुरू केला, निपाणीचा ठिपका राखी दिसला. या वेळी राखी मी होते, हे समजायला थोडा वेळ लागला. चहा ठेवला. फोन वाजला. इतक्या वर्षांत त्याने आपणहून कधी फोन केला होता, हे मला आठवेना.

"काय गं, दिवा न्हाय लागला."

"केबल तुटलीय रस्त्यात."

"पडलीबिडली न्हाईस न्हवं?"

"नाही."

"उभी हाईस?"

"उभी आहे. चहा ठेवलाय."

"मग बरं," तो म्हणाला. पलीकडे डब्याचा बारीक आवाज येत होता. फोन त्याने ठेवला नाही. "काल काय झालं सांग मग. लिवलं असशीलच की."

मी गॅस बारीक केला आणि आदल्या दिवशी लिहिलेलं त्याला वाचून दाखवलं.